चौकोनी भोकांचं जहाज

मित्रांनो, मी कधीही पाण्यात न उतरलेलं जहाज आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. पाण्यात उतरलेली माझी थोरली भावंडं बुडाली, कुजली किंवा सरपणाला गेली, आणि मी अजून टिकून आहे. मी एका जुन्या डच मालवाहू शिडाच्या जहाजाचं मॉडेल आहे. लांबी एका बाकाएवढी, पोट फुगीर आणि वरचा डेक अगदी अरुंद. ढेरी सुटलेल्या माणसाने लहानपणचा सदरा घालावा, तसं माझं रूप.

मला गोदीतल्या एका जहाजबांधणाऱ्या मिस्त्रीने घडवलं. त्या हिवाळ्यात गोदीत काम नव्हतं, आणि तो घरी रिकामा दिसला की बायको त्याला कामं सांगायची. म्हणून तो कारखान्यात येऊन बसायचा आणि मला घडवायचा. थोरामोठ्यांच्या जन्मामागे काही हेतू असतो म्हणतात. माझ्या जन्मामागे एवढाच होता.

पण काम मात्र त्याने मोठ्या जहाजासारखंच केलं. इतर ठिकाणी आधी सांगाडा उभा करून त्यावर फळ्या ठोकायचे. डच मिस्त्र्यांची रीत उलटी. आधी तळाच्या फळ्या विस्तवावर शेकून वाकवायच्या, एकीला एक लावून ठेवायच्या, आणि त्या सरकू नयेत म्हणून बाहेरून लाकडाचे लहान तुकडे खिळ्यांनी ठोकायचे. फासळ्या त्यानंतर आत बसवायच्या. म्हणजे आधी कातडी, मग हाडं. हाडं बसली की बाहेरचे तुकडे काढायचे आणि खिळ्यांच्या भोकांत इवल्या चौकोनी खुंट्या ठोकायच्या, नाहीतर जहाजाची चाळण व्हायची. मला पाणी लागणार नव्हतं, तरी मिस्त्रीने माझं एकेक भोक तसंच बुजवलं.

"हे कोण बघणार आहे?" बायकोने विचारलं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "पण हाताला दुसरं येत नाही."

पुढे मी गोदीच्या मालकाच्या दिवाणखान्यात राहिलो. आलेगेले लोक माझं कौतुक करायचे, विशेषतः मालकाकडे काही काम असेल तेव्हा. मग मालकाच्या पिढ्या बदलल्या आणि मी हिंडत हिंडत एका हौशी काकांच्या घरी पोहोचलो. काकांनी माझे तुटलेले दोर नवे केले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मग त्यांनी शिशाच्या तोफा ओतल्या आणि माझ्या दोन्ही अंगांना चिकटवल्या.

"धान्य वाहणाऱ्या जहाजाला तोफा कशाला?" काकूंनी विचारलं.

"मोकळं मोकळं वाटत होतं," काका म्हणाले.

अशा रीतीने मी लढाऊ झालो. काकांच्या मागे घरच्यांना माझी धूळ पुसणं जड जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी मला मोठ्या मनाने संग्रहालयाला दिलं.

संग्रहालयात मी बरीच वर्षं शांतपणे काढली. मग एका संशोधक बाईंनी माझ्याविषयी एक वाक्य लिहिलं. जुन्या डच जहाजांच्या मॉडेलांची बांधणी हा या बाईंचा विषय. कुठली फळी किती रुंद, सुकाणू कशावर टांगलेलं, दोराला गाठ कोणती, अशी चौकशी लोक सोयरीक जुळवताना मुलामुलींची करतात, तशी बाई जहाजांची करायच्या. त्यांनी माझा फक्त फोटो पाहिला होता. मालवाहू बांधा आणि वर तोफा बघून त्यांनी लेखात छापलं, की हे फार नंतरच्या काळात केलेलं शोभेचं खेळणं आहे, बांधणीचा पुरावा म्हणून निरुपयोगी.

संग्रहपाल साहेबांनी तो लेख वाचला, म्हणजे ते एक वाक्य वाचलं. त्यांना प्रवेशदालनासाठी काहीतरी झगमगीत हवंच होतं. त्यांनी माझ्या डोलकाठ्या दिवे बसवायला काढून घेतल्या, मला टेबलावर उलटं निजवलं आणि रंगाऱ्याला सांगितलं, "कीड लागलीय, भोकं दिसतायत. पुट्टी भर, घासून काढ, निळा रंग मार." रंगारी कामाचा माणूस. त्याने माझी डावी बाजू इतकी गुळगुळीत केली की मलाच ओळखू येईना.

उजव्या बाजूला हात घालणार, तेवढ्यात बाई आल्या. त्यांना पुस्तकासाठी 'खोट्या मॉडेलाचा नमुना' म्हणून माझा चांगला फोटो हवा होता. बरोबर त्यांची नणंद होती, दातांची डॉक्टर. गाडी तिची होती आणि मतंही.

बाईंनी कॅमेरा काढला, पण माझ्या उजव्या अंगावरच्या भोकांच्या रांगा दिसल्या तशा त्या थांबल्या.

"कीड आहे हो," संग्रहपाल म्हणाले. "म्हणून तर भरून घेतोय."

नणंद वाकली. "वहिनी, किडा असा रांगेत चालतो?"

"शिस्तीचा असेल," संग्रहपाल म्हणाले.

नणंदेने नखाने एक भोक चाचपलं. "ही कीड नाही. हे भरलेले दात आहेत. आणि चौकोनी. आमच्याकडे तरी किडा चौकोनी भोक पाडत नाही."

बाईही खाली वाकल्या. फळ्यांच्या प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्यांच्या जोड्या होत्या, आणि त्याचा अर्थ त्यांना माहीत होता. "आत बघायला हवं," त्या शेवटी म्हणाल्या. "सांगाडा आधी केला असेल तर फासळ्या एकमेकींना जोडलेल्या असतील. फळ्या आधी लावल्या असतील तर सुट्या. तुझा तो तोंडात घालायचा आरसा आहे ना पिशवीत?"

"आहे. पण आधी सांगते, हा पेशंट फी देणार नाही."

मला सुलटं केलं. डेकवरचं माल उतरवायचं झाकण काढून बाईंनी आरसा आणि बारका दिवा आत घातला. माझ्या पोटात एवढं रोखून आजवर कुणी पाहिलं नव्हतं. माझी प्रत्येक फासळी सुटी, फक्त फळीला धरून बसलेली. शोभेची खेळणी करणारा हे कशाला करेल?

बाई ताठ झाल्या. "खरं आहे," त्या म्हणाल्या.

"मग तोंड का असं?"

"खोटं आहे म्हणून मी छापलंय."

"दादाला कळू देऊ नकोस," नणंद म्हणाली. "तुझी चूक झाल्याचं ऐकायला तो लग्नापासून थांबलाय."

मित्रांनो, बाईंना काही करायची गरज नव्हती. त्या नुसत्या गप्प राहिल्या असत्या, तर चहाच्या वेळेपर्यंत माझी उजवी बाजूही निळी झाली असती आणि त्यांचं वाक्य कायमचं खरं ठरलं असतं. रंगारी डबा ढवळत उभा होता. बाईंनी एकदा त्या डब्याकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून माझ्या आणि त्याच्या मध्ये बसल्या.

"हे थांबवा," त्या म्हणाल्या. "मी चुकले होते."

"तोंडी?" संग्रहपालांनी विचारलं. "बाई, आमच्याकडे छापलेलं धरतात. दिवेसुद्धा आणून ठेवलेत."

"छापून देते. मी फोटोवरून बोलले, तळ बघितलाच नव्हता, असं स्वतःच्या नावाने छापते. तोवर ब्रश खाली. आणि संग्रहपालांनी काम वेळीच थांबवलं, हेही त्यात घालू का?"

संग्रहपालांनी क्षणभर विचार केला. "वेळीच की तत्परतेने?"

"तत्परतेने."

"झाकण लाव रे डब्याला," ते रंगाऱ्याला म्हणाले.

डाव्या बाजूची पुट्टी काढता आली नाही. खरवडायला गेलं तर मिस्त्रीच्या खुंट्याही निघून येतात. तोफा मात्र उतरल्या. आता मी दालनाच्या मधोमध उभा आहे, दोन्ही अंगांनी पाहता येईल असा. बहुतेक पाहुण्यांना निळी बाजू जास्त आवडते. तिच्यापुढे उभे राहून ते फोटो काढतात, मी तक्रार करत नाही.

तुमच्या हाती एखादी जुनी वस्तू आली, तर तिची धूळ जरूर पुसा. पण बुजवण्याआधी, रंगवण्याआधी आणि तिच्याविषयी काही बोलण्याआधी ती एकदा उलटी करून पाहा. तळ कुणी बघत नाही अशा समजुतीने काम न करणारी माणसं जगात होऊन गेली आहेत. त्यांची सही तिथेच असते.

बाई अधूनमधून विद्यार्थ्यांना घेऊन येतात. त्यांना आधी माझ्या उजव्या अंगाला उभं करतात आणि म्हणतात, "ही मिस्त्रीची बाजू." मग सगळ्यांना फिरवून डावीकडे आणतात, त्या गुळगुळीत निळ्या रंगावर बोट ठेवतात आणि त्याच आवाजात सांगतात, "आणि ही माझी."