पेटीचा कान

मुलांची परीक्षा जवळ आली की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, ‘किती झालं?’ काय कळलं, हे विचारायला कुणाला सवड नसते. हेडसाहेबांच्या घरीही त्या आठवड्यात तेच चाललं होतं.

हेडसाहेब म्हणजे बस आगारातल्या हरवले-सापडले कचेरीचे मुख्य कारकून. साहेब ते कुणाचेच नव्हते. पण खिडकीच्या आतल्या बाजूला बावीस वर्षं बसलं की माणसाला आपण साहेब असल्याचा भास होतो, आणि बाहेरचे लोक घाबरून त्या भासाला मान डोलावतात. त्यांची मुलगी ठकी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिसरी भाषा म्हणून तिने उर्दू घेतली होती. घेतली कसली, बापाने घ्यायला लावली होती. या विषयात मार्क पडतात, असं त्यांना कचेरीत कुणीतरी सांगितलं होतं. झाडावरून चिंचा पडतात तसे.

पेपर सोमवारी होता. हेडसाहेबांनी एक गाइड आणलं होतं. त्यात पंधरा निबंध, दहा पत्रं आणि पाच अर्ज होते, वर उर्दू ओळ आणि खाली देवनागरीत तिचा उच्चार. ठकीने खालची ओळ घोकायची आणि वरची ओळ नक्षी काढावी तशी गिरवायची, अशी त्यांची पद्धत. पोरीचा हात छान होता. उजवीकडून डावीकडे ती अशी सफाईने वळणं घेई की बघत राहावं. फक्त त्या वळणांत काय लिहिलंय, ते तिला धड कळत नसे.

“बाबा, न पाहिलेला उतारा येतो. वीस मार्कांचा. तो वाचून उत्तरं लिहायची असतात,” ती म्हणाली.

“सोडून दे तो. वीस सोड, ऐंशीत ये.”

“पण मला वाचताच येत नाही नीट.”

“वाचून काय करायचंय तुला? पेपर दे, मार्क घे, विसरून जा. त्या किड्यामुंग्या तुला जन्मभर सांभाळायच्यात का?”

आतून ठकीची आई म्हणाली, “मग घ्यायला कशाला लावलात? मुंग्यांना साखर घालायला?”

“तुला कळत नाही त्यात बोलू नकोस,” हेडसाहेब म्हणाले. त्यांनाही कळत नव्हतं, पण ते बोलत होते.

मंगळवारी ते एक अर्ज घेऊन घरी आले. अर्ज उर्दूत होता, आणि दुसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा त्यांनी त्यावर ‘भाषा अवाचनीय’ असा शिक्का मारून तो परत धाडला होता. हा शिक्का त्यांनी स्वतः बनवून घेतला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. अर्ज एका बाईचा होता. ती आधी खिडकीशी येऊन गेली होती. तिने तोंडी सांगायला सुरुवात केली, तेव्हा हेडसाहेबांनी मान वर न करता सांगितलं होतं, “लेखी द्या.” तिने लेखी दिलं. जे लिहिता येत होतं, त्यात दिलं. आता दुसऱ्यांदा आलेल्या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं, असा नियम होता, म्हणून साहेबांचा नाइलाज झाला.

“ठके, वाच बघू. शिकतेयस ना?”

ठकी घाबरली. तिने कागद उजेडात धरला. ‘बराए मेहरबानी’ म्हणजे ‘कृपया’, हे तिला पाठ होतं, ते तिने धडाधड म्हटलं. पुढे गाडी अडली. बोट ठेवून ठेवून तिने एक ओळ लावली, “मेरी... पेटी के... कान की मशीन... सात नंबर बस में रह गई.”

“पेटीच्या कानाची मशीन?” आई म्हणाली.

हेडसाहेबांनी क्षणभर विचार केला. अशा माणसांचं असंच असतं, त्यांना विचार करायला क्षणभरच लागतो. “सोपं आहे. भांड्याला कान असतात ना, तसे पेटीलाही. कान म्हणजे कडी. मशीन म्हणजे कुलूप. पेटीचं कडीकुलूप हरवलंय बाईचं. आणि त्यासाठी दोन-दोन अर्ज.”

“पुढे लिहिलंय, तिच्याशिवाय ती शाळेत जात नाही,” ठकी चाचरत म्हणाली. “बाबा, पेटी शाळेत कशी जाईल?”

“अगं, नेत असतील दप्तराऐवजी. या लोकांचं काय सांगावं. पुढचा पाल्हाळ राहू दे.”

त्यांनी तिथेच उत्तराचा मसुदा केला : ‘आपल्या पेटीची कडी अथवा कुलूप या कचेरीत जमा नाही. विषय बंद करण्यात येत आहे.’ नागरिकहो, ‘विषय बंद करण्यात येत आहे’ हे वाक्य लिहिताना काही माणसांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते त्यांना पोटच्या पोराकडे बघूनही मिळत नसेल.

ठकीला मात्र चैन पडेना. पेटी शाळेत जाते हे काही तिला पटत नव्हतं. तिने ती ओळ वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत उर्दूच्या बाईंपुढे ठेवली.

बाई वयाने फार नव्हत्या, पण जिभेने होत्या. आदल्याच आठवड्यात त्यांनी एकोणतीस मुलांचे ‘माझी सहल’ हे निबंध तपासले होते. एकोणतीस मुलं एकाच डोंगरावर गेली होती आणि एकोणतिसांच्याही चपला त्याच झऱ्यात वाहून गेल्या होत्या. त्यामुळे त्यांचा मुलांवरचा आणि गाइडांवरचा विश्वास त्याच झऱ्याला मिळाला होता.

“वाच,” त्या म्हणाल्या.

“मेरी पेटी...”

“कशावरून पेटी?”

“खाली तीन टिंबं आहेत. तीन टिंबांचा ‘पे’.”

“आणि दात किती आहेत?”

“दात?”

“अक्षराचे गं. तुझे नव्हे, तुझे दिसतायत मला. ‘टे’च्या आधी रेघेला दात किती, ते मोज.”

ठकीने मोजले. “दोन.”

“तीनही टिंबं पहिल्या दाताला दिलीस, मग दुसरा दात काय उपाशी बसलाय?”

ठकी वहीकडे बघत राहिली. एक टिंब पहिल्या दाताखाली होतं. दोन टिंबं दुसऱ्या दाताखाली होती. एक टिंब म्हणजे ‘बे’. दोन टिंबं म्हणजे ‘ये’. तिने ओठ हलवले आणि मग तिचा चेहराच उतरला.

“बेटी,” ती म्हणाली. “बाई, बेटी आहे. मेरी बेटी के कान की मशीन.”

बाईंनी वही मिटली. मधली सुट्टी होती. त्या ठकीला घेऊन तशाच आगारात गेल्या.

हेडसाहेब खिडकीत बसून चहा पीत होते. बाईंनी सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, “एका टिंबाची चूक हो. लहान मुलगी आहे, होते.”

“तिची टिंबाची चूक झाली. तुमची काय झाली?”

“मला तुमची भाषा येत नाही.”

“न येणं हा गुन्हा नाही. मलाही पुष्कळ भाषा येत नाहीत. पण न येण्याचा शिक्का करून घेतलेला माणूस मी पहिल्यांदा बघतेय.” बाईंनी टेबलावरचं उत्तर उचललं आणि मोठ्याने वाचलं, “‘पेटीची कडी अथवा कुलूप जमा नाही.’ वा. मार्क मिळवायला ही भाषा तुमच्या घरात चालते. तिच्यातून एक माणूस मदत मागायला आला, तर ती किड्यामुंग्यांची होते. हो, ठकीने सांगितलंय मला. आणि साहेब, पोरीला तुम्ही पंधरा निबंध पाठ करून दिलेत. त्यातलं एक वाक्य काल तिच्या कामी आलं का?”

हेडसाहेबांनी उठून कपाट उघडलं. किरकोळ वस्तूंच्या खणात एक छोटी पुडी होती. तिच्यावर त्यांच्याच हाताने लिहिलेली चिठ्ठी होती : ‘सात नंबर. प्लास्टिकचा तुकडा, गुलाबी. निरुपयोगी. शुक्रवारी काढून टाकणे.’ आत नखाएवढं, कानात बसेल असं यंत्र होतं. हेडसाहेबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. ती तर त्यांच्या भाषेत होती. ती वाचण्यासाठी त्यांना कुणाची मदत लागत नव्हती.

शाळा सुटल्यावर बापलेक अर्जावरच्या पत्त्यावर गेले. ती कपडे धुण्याची जागा होती. अर्ज लिहिणाऱ्या बाई उभ्याने चादरींना इस्त्री करत होत्या. पाच-सहा वर्षांची एक मुलगी कोपऱ्यात कपड्यांच्या ढिगापाशी बसून बटणं जुळवत होती. हे दोघे आत आले, हेडसाहेब खाकरले, तरी तिने वर पाहिलं नाही.

हेडसाहेबांनी पुडी पुढे केली. बाईंनी ती उघडली आणि इस्त्री बाजूला उभी केली. मग विचारलं, “मी दोनदा लिहिलं होतं साहेब. अक्षर वाईट आहे का माझं?”

त्या बोलत होत्या आपल्यासारखंच. फक्त लहानपणी ज्या शाळेत गेल्या, तिथे लिहायला दुसरं शिकल्या होत्या. हेडसाहेबांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा एका अर्जदाराकडे मान वर करून पाहिलं.

“अक्षर चांगलं आहे तुमचं,” ते म्हणाले. “वाचणाराच नालायक होता.”

बाईंनी फुंकर घालून यंत्र पुसलं, लेकीचे केस मागे सारले आणि तिच्या कानात ते बसवलं. तेवढ्यात इस्त्रीतून फुस्सकन वाफ निघाली. पोरगी दचकून तिकडे वळली. आवाज कुठून आला ते तिला दिसलं, आणि ती दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. ठकीही हसली. हेडसाहेब दाराबाहेर जाऊन उभे राहिले. बापमाणसाला असं कधीकधी बाहेर जाऊन उभं राहावं लागतं.

गुरुवार ते रविवार चार दिवस ठकीने गाइड उघडलं नाही. ती पाठ्यपुस्तक घेऊन बसे आणि दात मोजत मोजत वाचे. चुकली की मागे जाई. हेडसाहेब समोर बसत. एकदा त्यांनी एका अक्षरावर बोट ठेवून विचारलं, “ह्याला काय म्हणतात?” ठकीने सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, आणि त्यांच्यावर ओरडली नाही. मुलं आपल्याला शिकवतात तेव्हा आपल्यापेक्षा पुष्कळ सोशिक असतात.

निकाल लागला. वर्गात नव्वदीच्या वर अकरा जण होते. बहुतेकांच्या चपला झऱ्यात वाहून गेल्या होत्या. ठकीला त्रेपन्न मिळाले. त्यातले सतरा न पाहिलेल्या उताऱ्याचे.

“त्रेपन्नच?” कचेरीतल्या एकाने विचारलं. “गाइड घेतलं नव्हतं का?”

“घेतलं होतं,” हेडसाहेब म्हणाले. “पण त्रेपन्न वाचून आहेत.”

एवढं बोलून त्यांनी खणातला तो शिक्का काढला, कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि खिडकीबाहेरच्या माणसाला म्हणाले, “बोला. तोंडी सांगितलंत तरी चालेल, मी लिहून घेतो.”

वाचकहो, आपल्या घरातही या आठवड्यात कुणीतरी काहीतरी पाठ करत असेल. त्याला जरा थांबवा आणि एक ओळ वाचून दाखवायला सांगा. अडखळला तर अडखळू द्या. भाषा कुठलीही असो, ती कुणाच्या तरी आईची असते. तिला मार्कांपुरतं घरात घ्यायचं आणि तिच्यातून कुणी हाक मारली की दार लावायचं, हा क्षुद्रपणा आहे, आणि तो मुलं आपल्याकडूनच शिकतात. त्यांना वाचायला शिकवा, म्हणजे समोरचा काय म्हणतोय ते त्यांना कळेल. शिक्षण त्यासाठी असतं.