भट्टीच्या दारातले पाच महिने

मी एक जुना लाकडी पाय आहे. चालणारा नव्हे, मित्रांनो. बूट शिवताना चामडं ज्यावर ताणतात, तो फर्मा. माझी टाच आत वळलेली आहे, कारण एका शिक्षिकेच्या वाकड्या डाव्या पायाबरहुकूम मला कोरलं. कोरणारे म्हातारे कारागीर अधू पायांसाठीच बूट शिवत. त्यांच्यामागे लेकीने ते काम हाती घेतलं. लोक तिला बूटवाली म्हणत. आम्ही चाळीस फर्मे होतो. एकासारखा दुसरा नाही.

बूटवालीने दुकान दुसऱ्या शहरात हलवलं, तेव्हा आम्हाला एका मोठ्या गोणीत भरून मालगाडीने पाठवलं. वाटेत गोणीवरची चिठ्ठी गळाली. माल उतरवणाऱ्यांनी गोणी चाचपली, लाकूड लागलं. आणि जळणाची वाट पाहणाऱ्या एका पावभट्टीवाल्याकडे आमची रवानगी झाली. त्याने सही केली आणि आम्हाला नेलं.

भट्टीच्या दारापासून आम्ही चार हातांवर पडलो होतो. ओंडके कमी पडले की भट्टीवाला न बघताच गोणीत हात घाली. पहिल्यांदा तो हात माझ्या अंगावरून सरकला आणि शेजारचा, एका सुताराचा उजवा पाय घेऊन गेला. जाळ उसळला. त्यानंतर पावलांचा आवाज आला की आम्ही मनातल्या मनात आकसत असू. गोणी रोज सैल होत होती.

तिकडची हकिगत मला पुढे बूटवालीकडूनच कळली. मालधक्क्यावरचा कारकून म्हणे, माल पोचला, वहीत सही आहे. सही माझी नाही, असं ती सांगे. बघतो म्हणत तो तिला वाटेला लावी. ती दर आठवड्याला खेटे घालत राहिली. तोवर शिक्षिकेचा बूट फाटला, फर्म्याशिवाय नवा शिवता येईना, आणि तिचं शाळेत जाणं थांबलं.

शेवटी वजनकाट्यावरच्या काकांनी बूटवालीला बाजूला घेतलं. "ताई, लेखी काही दिलंय का?"

"दर आठवड्याला येऊन सांगतेय की."

"तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. माल भलत्याच्या हाती दिला तर जबाबदारी रेल्वेची. पण पाठवल्यापासून सहा महिन्यांत लेखी नोटीस हवी, नाहीतर हात वर करतील."

तिने बोटांवर दिवस मोजले. नऊ उरले होते. काट्याशेजारी उभ्यानेच तिने पावतीचा नंबर, तारीख, चाळीस फर्मे, सगळं लिहिलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. कागद दाखल होताच कारकुनाला ती सही कोणाची ते दोन दिवसांत सापडलं.

आम्ही अकरा उरलो होतो. गोणीत हात आला. मला वाटलं, आली माझी पाळी. पण तो हात माझ्या वळलेल्या टाचेवर थांबला.

"ही बाईंची टाच," बूटवाली म्हणाली.

मागे उभ्या भट्टीवाल्याने मान वर केली नाही.

रेल्वेने चूक लेखी कबूल केली. एकोणतीस पाय मात्र राख झाले होते. बूटवाली दारोदार जाऊन पुन्हा मापं घेत फिरली. काहींचे तर पत्तेही लागले नाहीत. शिक्षिका नव्या बुटाने शाळेत जाऊ लागली. मी मात्र अजून भट्टीचा वास आला की दचकतो.

मित्रांनो, तुमची वस्तू हरवली तर वाट बघत बसू नका. त्याच दिवशी लिहून द्या, तारीख घाला, पोच घ्या. आम्हाला हाक मारता येत नाही.