हात बसला की निरोप

जेवणघरात त्या दिवशी लाल भात होता. कुराओकाच्या कॅमेरा-शटरांच्या कारखान्यात लाल भात शिजला की कुणाला काही सांगावं लागत नसे. जुळवणी विभागातल्या कुठल्या तरी मुलीचं लग्न ठरलेलं असे आणि तो तिचा कामाचा शेवटचा दिवस असे.

या वेळी पाळी हारुमीची होती. विभागप्रमुख होसाका साहेबांनी तिच्या हातात फुलांचा गुच्छ दिला आणि नेहमीचा विनोद केला, "हारुमीबाई आता खऱ्या नोकरीवर रुजू होत आहेत. तिथे रजा नाही हं!" सगळे हसले. हारुमीने कमरेत वाकून, इतकी वर्षं सांभाळून घेतल्याबद्दल कंपनीचे आभार मानले. नोकरी लागतानाच प्रत्येक मुलीकडून कबूल करून घेतलेलं असे, की लग्न झालं की मी आपणहून राजीनामा देईन. त्यामुळे कंपनी कुणालाच काढत नसे. जाणारीनेच हात जोडत बाहेर पडायचं, ही रीत ज्याने शोधली त्याच्या हुशारीला दाद द्यायला हवी. तेच लग्न एखाद्या पुरुषाने केलं, तर त्याचा पगार वाढे. संसार वाढला ना बिचाऱ्याचा!

त्याच विभागातली मिनेको मोतेगी टाळ्या वाजवत होती. दुरुस्ती विभागातल्या तेत्सुजीशी तिचं लग्न ठरलं होतं. भातलावणीच्या आधी उरकायचं, असं दोन्ही घरांनी नक्की केलं होतं. ऑफिसात अजून कुणाला माहीत नव्हतं. पुढचा लाल भात तिचाच होता.

काम तिला मनापासून आवडत होतं, हे सांगायलाच हवं. कॅमेऱ्याच्या शटरमध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पोलादी पाती असतात. ती चिमट्याने उचलून एकावर एक बसवायची. चिमटा तसूभर जास्त दाबला तर पात्याची कड वाकते. भिंगातूनही ती दिसत नाही, पण थंडीच्या दिवसांत कुणाच्या तरी हातात शटर अडकतं. दाब किती द्यायचा ते नुसतं सांगून शिकवता येत नाही, बोटांनाच कळावं लागतं. हात बसायला तीन वर्षं लागतात. आणि हात बसला की मुलगी लग्नाच्या वयाची होते.

हारुमीच्या बाकावर सायो नावाची, नुकती शाळेतून आलेली पोर बसली. पंधरवड्यात तिच्या ट्रेवर लाल कागदी झेंडा लागला. ज्याचा माल तपासणीतून सर्वांत जास्त परत येतो त्याच्या ट्रेवर तो झेंडा. अख्खा विभाग येता-जाता बघणार. सायो भिंगाला डोळा लावून रडत होती.

"अगं, भिंग धुवायला वेगळं पाणी देतात इथे," मिनेको तिच्या कानाशी म्हणाली. "पूस डोळे. माझाही झेंडा होता पहिल्या वर्षी. हारुमीचाही होता."

"मग मलाच का लावतात, ताई? माझंच लक्ष नाही म्हणतात. लक्ष देऊन देऊन डोकं दुखतं हो माझं."

त्या शुक्रवारी कामानंतर, माल का बिघडतो ते शोधणाऱ्या गुणवत्ता मंडळाची बैठक होती. होसाका साहेब टोकियोला जाऊन शिक्षण घेऊन आले होते आणि शिकलेलं मुलींना शिकवायची त्यांना खरीच हौस होती. माणूस वाईट नव्हता. "चुकलं कोण ते विचारू नका, चुकलं काय ते विचारा," हे वाक्य त्यांनीच फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्याच फळ्याच्या समोर सायोच्या ट्रेवर लाल झेंडा फडफडत होता. साहेबांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

"चला, माशाचा काटा काढू या," ते म्हणाले आणि खडूने माशाचं डोकं काढून त्यात लिहिलं, 'अडकणारं शटर'. मग मधला लांब काटा आणि त्याला फुटणारे चार काटे: माणूस, यंत्र, माल, पद्धत. जे कारण सापडेल ते ज्याच्या-त्याच्या काट्यावर लिहायचं.

"साहेब, माशाचे डोळे अगदी तुमच्यासारखे झालेत," किकुए म्हणाली. मंडळातली ही सर्वांत वाचाळ मुलगी. साहेबही हसले.

दरवर्षी 'माणूस' या काट्यावर 'निष्काळजीपणा' लिहिला जाई आणि भिंतीवर 'मन लावून काम करू' असा नवा कागद चिकटे. या वेळीही साहेबांनी खडू त्याच काट्याकडे नेला. मिनेको म्हणाली, "थांबा ना साहेब. तुम्हीच सांगता ना, तळ लागेपर्यंत 'का' विचारायचं. पाती का वाकतात?"

"चिमटा जोरात दाबला जातो म्हणून," साहेब म्हणाले.

"का दाबला जातो?"

"हात नवा असतो."

"नवा का असतो?"

"जुना गेला म्हणून."

"मग जुना का गेला?"

"नवऱ्याने नेला!" किकुए ओरडली आणि खोली हास्याने भरून गेली.

मिनेको हसली नाही. ती उठली, तिने खडू घेतला आणि 'माणूस' सोडून 'पद्धत'च्या शेजारी पाचवा काटा काढून त्यावर लिहिलं, 'लग्न होताच नोकरी सोडण्याची रीत'. मग तिथून एक बाण काढला, त्याच्या टोकाला दुसरा, आणि बोलत बोलत पुढे जात राहिली. "मुली जाणारच, म्हणून कंपनी त्यांना धड शिकवत नाही. शिकवत नाही म्हणून माल बिघडतो. तो निस्तरण्यात जुन्या मुलींचा वेळ जातो, म्हणून नव्या मुली आणखी मागे राहतात. मग वरचे म्हणतात, या पोरींचं लक्ष कामात नाही, लग्नात आहे. मग यांना ठेवून काय करायचं? जाऊ देत." शेवटचा बाण फिरून पहिल्या शब्दाला येऊन टेकला.

आता कुणीच हसत नव्हतं. सायो फळ्याकडे टक लावून बघत होती. साऱ्या विभागाने आपल्या माथी मारलेला दोष तिथे दुसऱ्याच काट्यावर लिहिलेला तिला दिसत होता.

"मिनेकोबाई," साहेब तिच्या हातातला खडू घेत म्हणाले, "मांडलंय छान. पण मंडळाचा नियम आहे, आपल्या हातातलं असेल तेवढंच लिहायचं. ही रीत आपल्या हातात नाही."

"बरोबर आहे साहेब. आमच्या हातात फक्त चिमटा आहे. म्हणून दोषही आमचाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर चार काटे होते. पाचवा पुसला होता.

आठवड्याने साहेबांनी तिला बोलावून चहा दिला. लग्नाची बातमी पोचली होती. "अभिनंदन! मे महिन्यात सगळ्या मंडळांच्या मेळाव्यात संचालकांसमोर तुमच्याच मंडळाने बोलायचं, असं मी ठरवलंय. पहिला नंबर आपलाच. मग मानाने निरोप. फक्त तो... तो लग्नाचा काटा तेवढा नको. राजीनाम्याची तारीख कोणती लिहू?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली. विचार करायला खरं तर काही उरलं नव्हतं.

घरी आई उदोनच्या शेवया उकडत होती आणि तेत्सुजी पडेल चेहऱ्याने बसला होता. "मला आमच्या साहेबांनी झापलं," तो म्हणाला. "म्हणे, आपल्या गुन्मा प्रांतातल्या बायका आधीच डोईजड. ज्याला होणारी बायको आवरत नाही तो यंत्रं काय आवरणार? यंदाची बढती गेली माझी बहुतेक."

"बाई गं, का हा हट्ट?" आईने झारा खाली ठेवला आणि दोन्ही हात तिच्यासमोर धरले. रेशमाच्या गिरणीत उकळत्या पाण्यातून कोश उचलून उचलून तिच्या बोटांची टोकं कायमची पांढुरकी झाली होती. "ही बोटं बघ. घरी बसायला मिळणारी सून म्हणजे नशीबवान, असं म्हणायचो आम्ही. तुला आयतं मिळतंय, तर लाथ मारतेस?"

"तुला घरी बसायला मिळालं होतं का गं, आई?"

आईने झारा पुन्हा उचलला. तिला ते कधीच मिळालं नव्हतं. गिरणी सुटली तेव्हा ती शेतात गेली होती आणि शेत गेलं तेव्हा दुसऱ्यांची धुणी धुवायला.

मिनेको तेत्सुजीकडे वळली. "तुमच्याकडे एखादं यंत्र वर्षानुवर्षं घासून नीट चालायला लागलं, की तुम्ही काय करता? गुच्छ देऊन भंगारात पाठवता?"

तेत्सुजीला नको असताना हसू आलं. मग तो म्हणाला, "मी तुझ्यासाठी भांडू शकणार नाही, मिनेको. मला भीती वाटते, खरं सांगतो. पण घरी बस, असंही मी म्हणणार नाही. माझ्या आईला मी सांगेन, सून कामावर जाते म्हणून." एवढं तरी त्याने सांगितलं, याचं तिला त्या वेळी फार बरं वाटलं.

युनियनच्या पुढाऱ्यांनी मात्र काखा वर केल्या. आधी पुरुषांच्या बोनसचं मिटू दे, मग बायकांचं बघू, असं त्यांचं म्हणणं. मग एका रविवारी मिनेको हारुमीला भेटायला गेली. सासूच्या धाकात, दाराशी बसून, हारुमी पुठ्ठ्याची खोकी चिकटवत होती. खोकी याच कारखान्याच्या शटरांची होती. कंपनीच्या माणसाने पुठ्ठे घरपोच आणून टाकायचे, तयार खोकी न्यायची आणि चणेफुटाणे द्यावेत तसे चार पैसे द्यायचे. पोलादाची पाती लीलया उचलणारी ती बोटं खळीने माखली होती. "घरबसल्या मिळतंय, वाईट काय?" हारुमी म्हणाली आणि तिने मान वर केली नाही. मिनेकोला इतका राग आला, की निरोपाचे दोन शब्द बोलणंही तिला जमलं नाही.

मेळाव्यात सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत संचालक, मागे साहेब लोक, कडेला मुली. मिनेकोने काट्याचा कागद उलगडून फळ्यावर लावला तेव्हा होसाका साहेबांच्या कपाळावर घाम फुटला. पाचही काटे तिथे होते, आणि बाणांचं ते वर्तुळही. ती बोलू लागली आणि शेवटच्या बाणापर्यंत थांबली नाही.

"कारण समजलं," संचालक थंडपणे म्हणाले. "नियमाप्रमाणे आता उपाय सांगा."

"उपाय माझ्या हातातला आहे, साहेब. तेवढाच सांगायचा असतो ना? या महिनाअखेर माझं लग्न आहे. मी राजीनामा देणार नाही."

संचालकांनी होसाका साहेबांकडे पाहिलं. "हे तुम्ही शिकवलंत?" साहेबांनी मान खाली घातली. हो म्हणायची त्यांची छाती झाली नाही, आणि नाही म्हणण्याइतके ते खोटेही नव्हते.

लग्न झालं. सोमवारी मिनेको कामावर आली, तर तिच्या बाकावर दुसरीच मुलगी होती. काढलं असं कुणीच म्हणालं नाही. तिला एक विळी आणि गवती टोपी देऊन कारखान्यामागचं आवार साफ करायला सांगितलं. पगार तुटपुंजा, बरोबर कुणी नाही, आणि काम खिडकीतून सगळ्यांना दिसेल असं. तिने आपणहून कंटाळून जावं, ही अपेक्षा. पहिल्या दिवशी ती गवत कापता कापता रडली. संध्याकाळी ती वाटेत माहेरी थांबली तेव्हा आईने तिच्या हातांवरच्या फोडांना कोरफड लावली आणि दुसऱ्या दिवसाचा डबा स्वतः भरून दिला.

"सासरी गेलीस की कुरणात?" असं येता-जाता टोमणे मारणारे होतेच. ती विळी चालवत राहिली. आत सायोसारख्या मुलींचे ट्रे परत येत होते. चिमटा कसा धरायचा ते दाखवायला त्यांच्याजवळ आता कुणी नव्हतं.

जुलैत किकुएचं लग्न ठरलं. जेवणघरात लाल भात शिजला, पण जिच्यासाठी शिजला ती बोलायला उठली आणि म्हणाली, "भात छान झालाय. मी उद्याही जेवायला येणार आहे." दुसऱ्या दिवशी तीही विळी घेऊन आवारात हजर. "सरक जरा, वहिनी," ती मिनेकोला म्हणाली. "माझीही बदली झालीय. इथे निदान झेंडे तरी लावत नाहीत." ऑगस्टमधल्या बोन या पितरांच्या सणानंतर पॅकिंगमधली यासुए लग्न करून आली. ती आठवडाभर मान खाली घालून गवत कापत होती.

सप्टेंबरच्या एका दुपारी होसाका साहेब आवारात आले. आतले ट्रे मनासारखे चालले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. तिघी जणी झाडाखाली सावलीत हात पुसत बसल्या होत्या. विळ्या धुऊन भिंतीला टेकवलेल्या.

"हे काय, बसलात? काम?"

"गवत संपलं, साहेब," मिनेको म्हणाली.

साहेबांनी आवारभर नजर फिरवली. कुंपणापासून कुंपणापर्यंत नुसती तांबडी माती होती.

"मग आता?"

"आता तुम्ही सांगा. आम्ही घरी जाणार नाही."