हात पोचेल तिथपर्यंत

"हलू नका आजोबा, वस्तरा गळ्यावर आहे," न्हावी म्हणाला. आजोबा हलले नाहीत, पण बोलायला लागले.

वृद्धाश्रमातली खिडकीजवळची खाट त्यांची. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, आता डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, आणि त्या दिवशी अंगात तापही होता. न्हावी दर आठवड्याला इथे येऊन सगळ्यांच्या दाढ्या फुकट करून द्यायचा. डोकं स्थिर राहावं म्हणून त्यानं नेहमीसारखा डावा हात आजोबांच्या कपाळावर ठेवला होता. त्यावरून त्यांची काय समजूत झाली कोण जाणे.

"आलात फादर? बरं झालं," ते म्हणाले. "माझं एक सांगायचं राहून गेलंय."

आणि त्यांनी ते सांगितलं. न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. "अहो, मी फादर नाही, न्हावी आहे," एवढंच तर बोलायचं होतं. पण इतक्या वर्षांचं गाठोडं सोडून बसलेल्या माणसाला मध्येच कसं अडवायचं? सांगून झाल्यावर आजोबांनी विचारलं, "माफी मिळाली ना?" तो म्हणाला, "हो." मग घाईघाईनं कशीबशी दाढी उरकून तो बाहेर पडला.

गिऱ्हाइकं त्याला 'अर्धेफादर' म्हणायची. रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जाणारा, लग्न न केलेला, दुकानातल्या आरशावर क्रूस लावलेला माणूस, चेष्टा होणारच. "अर्धेफादर, केसांबरोबर थोडी पापंही उडवा," असं कुणी म्हटलं की तोही हसायचा. पण पन्नाशी उलटली आणि ही चेष्टा त्याच्याच मनात घर करून बसली. वेदीजवळ उभ्या असलेल्या फादरकडे बघताना आत काहीतरी ओढायचं. हे देवाचं बोलावणं की उतारवयातलं खूळ, इथे घोडं अडायचं. वर्षभरापूर्वी त्यानं धीर करून फादरना सांगितलं. फादर हसले नाहीत. त्यांनी बिशपसाहेबांना कळवलं, आणि उशिरा आलेल्या माणसांनाही घेणारी, फादर घडवणारी एक सेमिनरी आहे, असा निरोप आला. दूरच्या शहरात, काही वर्षांचं शिक्षण. येत्या रविवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. न्हाव्याचा उकिरडा उकरावा तितके केसच निघतात म्हणतात, तसं त्याचं झालं होतं. जितका विचार करावा तितका गुंता.

आणि घरी ताई होती. आई गेली तेव्हा शाळा सोडून तिनं त्याला वाढवलं, स्वतःच्या लग्नाचं नाव काढू दिलं नाही. आता तिचे खांदे आखडले होते, हात कानाच्या वर जात नसत. तिचे लांब केस विंचरून वेणी घालणं हे रोज सकाळचं त्याचं काम. तिला त्यानं सेमिनरीबद्दल अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

वृद्धाश्रमातून तो तडक फादरांकडे गेला आणि आजोबांनी आपल्याला फादर समजून पापाची कबुली दिली, आपण 'हो' म्हणालो, हे उभ्या उभ्याच सांगून मोकळा झाला.

"आजोबा काय बोलले ते सांगू नकोस," फादर म्हणाले.

"सांगणार नव्हतोच."

फादरनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग हे मला कशासाठी सांगतोयस? चूक झाली म्हणून, की बोलावणं आलं म्हणून?"

"तेच तर कळत नाही, फादर. त्या वेळी फार बरं वाटलं. आणि बाहेर आलो तर चोरी केल्यासारखं वाटलं."

"पहिल्यांदा कुणाची कबुली ऐकली तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं," फादर म्हणाले. "अजूनही वाटतं. पण मला माफी द्यायचा अधिकार दिलेला आहे, तुला नाही. चल."

त्यांनी गळ्यात घालायचा पट्टा आणि आजाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची डबी घेतली आणि दोघं परत वृद्धाश्रमात गेले. न्हावी बाहेर बाकावर बसून राहिला. आपण नुसतं "हो" म्हणालो त्यानं त्या म्हाताऱ्याचं काही बिघडलं तर, या विचारानं तो दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आला.

बऱ्याच वेळानं फादर बाहेर आले. "सगळं रीतसर झालं. मघाचा माणूस न्हावी होता, तेही सांगितलं."

"रागावले?"

"नाही. म्हणाले, तरीच हाताला साबणाचा वास होता." फादरांच्या ओठांवर हसू आलं. "आणि म्हणाले, त्यालाच परत पाठवा, हनुवटीखाली केस राहिलेत."

आता याचा अर्थ काय लावायचा? देवाला आपला हात हवाय की वस्तरा? त्यानं फादरना विचारलं, तर ते म्हणाले, "मला ठाऊक असतं तर तुला वर्षभर ताटकळत ठेवलं असतं का? रविवारी सांग." मग न्हाव्यानं आत जाऊन आजोबांची हनुवटी साफ करून दिली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. तो कात्र्यांना तेल देत बसला असताना ताई दारात येऊन उभी राहिली. दुकानात ती सहसा येत नसे. ती सरळ आत आली आणि खुर्चीवर बसली.

"केस काप," ती म्हणाली. "कानापर्यंत."

"काहीतरीच काय ताई."

"तुझं ते सेमिनरीचं सगळ्या गावाला माहीत आहे, आणि मला एकटीलाच नाही असं वाटलं होय तुला? तुझी ती गिऱ्हाइकं पोटात काही ठेवतात का?"

त्याला खजील झाल्यासारखं झालं. "अजून काही ठरलेलं नाही गं. मला कळतच नाहीये. कदाचित जाणारही नाही."

"नको जाऊस. किंवा जा. ते तुझं तू बघ." ती आरशातून त्याच्याकडे बघत होती. "पण उद्या राहिलास तर माझ्या वेणीपायी राहिलास, असं मला ऐकायचं नाही. तुझ्या तोंडून नाही, आणि माझ्या मनातूनही नाही. कानापर्यंत माझा हात पोचतो. तेवढेच ठेव."

"ताई, आईसारखे केस आहेत तुझे."

"आईचे हात वर जायचे. काप."

त्यानं तिच्या खांद्यांवर कापड टाकलं. वेणी वरून आणि खालून दोऱ्यानं बांधली, सुटू नये म्हणून. मग रोज सगळ्यांना ठेवतो तसा डावा हात तिच्या कपाळावर ठेवला. तिनं डोळे मिटले. त्याला खूप रडू येत होतं आणि जायचं की राहायचं ते अजूनही कळत नव्हतं. कात्री एका दमात चालेना. जाड केस होते, दोन-तीनदा दाबावी लागली.

वेणी त्यानं आरशाखालच्या फळीवर ठेवली. ताईनं फळीवरचा कंगवा उचलला, दात आवळून हात हळूहळू वर नेला आणि कानावरून एकदा फिरवला.

"पोचतो," ती म्हणाली.