कानवाल्याची तबकडी

एलिएसेरने तिसरा खिळा ठोकला. हातोडी खाली ठेवायच्या आतच तोमासाबाई म्हणाल्या, "वाकडा आहे."

"खिळा सरळ आहे. भिंत वाकडी आहे."

"आणि भिंत कोणी बांधली?"

भिंत त्यानेच बांधली होती, त्यामुळे त्याने विषय वाढवला नाही. पहिल्या खिळ्यावर बायकोचा, युरानिसचा, लहानपणीचा फोटो लागला, कार्निव्हलच्या झालरीच्या झग्यातला, डोळे रडून सुजलेले. दुसऱ्यावर त्यांचा मुलगा आउरेलियो, नुकताच जन्मलेला, मनगटात दृष्टीचा काळा मणी. तिसऱ्या खिळ्यासाठी, एलिएसेरच्या फोटोसाठी, आणलेली चौकट अजून टेबलावरच होती. तिच्यात सोनेरी केसांची एक परकी मुलगी दात दाखवून हसत होती.

"ही कोण?"

"चौकटीबरोबर आली दुकानातून."

"मग हिलाच टांग," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या घराण्यातलं कुणीतरी भिंतीवर दिसेल."

आउरेलियो घरी आल्यापासून तोमासाबाईंनी त्याची रीतसर वाटणी केली होती. कपाळ त्यांच्या कैलासवासी नवऱ्याचं, हनुवटी त्यांची, पायाची बोटं थेट सान्ता मार्ताच्या मावशीची. भुवया अजून उगवायच्या होत्या, पण त्याही बाईंनी आगाऊ राखून ठेवल्या होत्या. कान तेवढे त्यांनी जावयाच्या नावावर टाकले होते, वाटणीत खडकाळ तुकडा धाकट्याच्या नावावर टाकतात तसे. एलिएसेरला वाद घालायचा होता. पण रेबोलो मोहल्ल्यात असा वाद तोंडाने जिंकत नाहीत, फोटो दाखवून जिंकतात. आणि त्याच्याकडे लहानपणचा एकही फोटो नव्हता.

म्हणजे अल्बम होता. आईने मरेपर्यंत तो कपाटात साबणाच्या वड्यांखाली ठेवला होता. त्यात बाप्तिस्म्याचा फोटो होता: आई, पाद्री, पांढरं लांबलचक अंगडं, आणि अंगड्याच्या गळ्यावर, जिथे चेहरा असायला हवा तिथे, कात्रीने कापलेलं गोल भोक. वाढदिवसाला केक होता, केकमागे भोक. पुएर्तो कोलोंबियाच्या समुद्रावर वडिलांच्या खांद्यांवरून दोन बारीक पाय लोंबत होते आणि पायांच्या वर, हिशेबाने बरोबर जागी, भोक. बाकी सगळे शाबूत. कापला गेला होता फक्त मुलगा.

दहा-अकरा वर्षांचा असताना त्याने आईला विचारलं होतं, कोणी कापलं म्हणून.

"तुझ्या बापाने."

"का?"

"त्याला विचार."

विचारायला बाप होता कुठे? तो सीमेपलीकडे माराकाइबोला निघून गेला होता, आपला पिको घेऊन. पिको म्हणजे तबकड्या वाजवायचा कपाटाएवढा भोंगा. गल्लीत लावला की छातीतली हाडं नाचायला लागायची. बापाच्या, म्हणजे निकानोरच्या, पिकोचं नाव 'ला आल्तानेरा', तोऱ्यातली बाई. त्यावर कमरेवर हात ठेवलेली लाल झग्यातली बाई रंगवलेली होती, आणि मोहल्ल्याचं म्हणणं असं की निकानोरचं खरं लग्न तिच्याशीच लागलं होतं. घर सोडताना त्याने भोंगा नेला आणि मुलाला फोटोंतूनसुद्धा कापून टाकलं, असा एलिएसेरने हिशेब मांडला होता. तो हिशेब त्याने पुन्हा कधी तपासला नाही. कटू हिशेब माणसं एकदाच करतात.

आता म्हातारा परतला होता, तिकडे महागाई पेटल्यावर पुष्कळ परतले तसा, हात हलवत. सोलेदादला बहिणीकडे राहत होता. नातू बघायला येऊ का, असा त्याने निरोप पाठवला होता, आणि युरानिसने नवऱ्याला न विचारता 'रविवारी जेवायलाच या' म्हणून कळवलं होतं.

"बघू दे," एलिएसेर म्हणाला. "पण पोर हातात द्यायचं नाही."

"मग काय, खिडकीतून दाखवू?"

"हातात द्यायचं नाही, युरा. त्याच्या हातात काय टिकलंय?"

आउरेलियो रडायला लागला तसं तिने त्याला नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं आणि सांकोचोचा दाट रस्सा ढवळायला गेली. एलिएसेर खोलीभर फेऱ्या घालत गुणगुणू लागला. पोर एकाच गाण्याला गप्प व्हायचं, आणि ते गाणं एलिएसेरला स्वतःच्या तोंडी आलेलं आवडत नव्हतं. ते 'ला आल्तानेरा'चं हुकमी गाणं होतं. आफ्रिकेतलं होतं, खलाशांच्या सामानातून बंदरात उतरलेलं. शहरात त्याची एकच तबकडी, आणि ती निकानोरकडे. त्यातला एक शब्दही कुणाला कळत नव्हता. त्याचं खरं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, कारण पिकोवाल्यांची रीतच तशी: चांगली तबकडी हाती लागली की आधी तिच्या मधला छापील कागद ब्लेडने खरवडायचा, नाहीतर काहीतरी चिकटवून झाकायचा. प्रतिस्पर्ध्याने नाव वाचलं की पुढच्या बोटीने त्याचीही तबकडी आलीच. मग नाव लोक ठेवायचे. या गाण्याला सगळे 'कानवाला' म्हणत. एलिएसेरचे कान पाहता, शाळेत पोरांनी त्याला त्या गाण्याचं नाव चिकटवलं यात नवल नव्हतं. तो वर्गात शिरला की मागचा बाक ते गाणं म्हणायचा. जगात त्याला इतकं नकोसं दुसरं गाणं नव्हतं, आणि इतकं आवडतंही नव्हतं.

निकानोर आला तो मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून, छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चपटं धरून. हॅट कानांपर्यंत ओढलेली. गठ्ठा त्याने कुणाच्या हाती दिला नाही. खुर्चीवर बसला तेव्हाही मांडीवर ठेवला.

"या व्याही," तोमासाबाई म्हणाल्या. "तुमच्या त्या भोंग्याने माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तिसऱ्या घराची कौलं पाडली होती. आठवतं का?"

"चौथ्या," निकानोर नम्रपणे म्हणाला.

हिरव्या तुरीच्या दाण्यांचा सांकोचो त्याने मान खाली घालून, मन लावून खाल्ला. पाळण्याकडे तो मधूनमधून बघायचा आणि एलिएसेरने पाहिलं की पुन्हा वाटीत बघायचा. हातात द्या असं त्याने म्हटलं नाही. एलिएसेरने त्या 'नाही'ची तयारी सकाळपासून केली होती. ती वायाच गेली.

"पिकोचं काय झालं?" युरानिसने विचारलं.

"विकला, मुली. तिकडे दिवस फिरले. आधी कर्णे गेले, मग यंत्र, मग तबकड्या एकेक करून. ती रंगवलेली बाई सगळ्यात शेवटी गेली. एकाने कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून नेली."

"आणि हे?" तोमासाबाईंनी हनुवटीने टॉवेलाकडे खूण केली. "याला गिऱ्हाईक नाही मिळालं?"

"मिळालं होतं. वरचा कागद काढून नाव बघू द्या म्हणाला."

"मग?"

"मग काय. नाही जमलं." म्हाताऱ्याने टॉवेल सोडला. "पोराला द्यायला दुसरं काही नाही माझ्याकडे."

त्याने तबकडी एलिएसेरपुढे धरली. कड घासून पांढरी पडली होती. मधल्या छापील कागदावर पतंगाचा लाल कागद चिकटवला होता, आणि त्या लाल कागदावर, भोकाभोवती गोल, नखाएवढे चेहरे लावले होते. सगळे एकाच पोराचे. एकात ते रडत होतं. एकात गालाला केक फासलेला. एकात समुद्राच्या उन्हाने डोळे मिटलेले. आणि प्रत्येकात दोन्ही बाजूंना, भांड्याच्या कड्यांसारखे, कान.

एलिएसेरने तबकडी घेतली नाही. आत जाऊन त्याने अल्बम आणला, टेबलावरची वाटी सरकवली आणि बाप्तिस्म्याचं पान उघडलं. मग तबकडी घेऊन फोटोवर तिरकी धरली. रडणाऱ्या चेहऱ्याच्या खाली अंगड्याच्या झालरीचा एक कण होता. उरलेली झालर पानावर होती.

"हे कधी कापलंत?"

"त्याच महिन्यात. फोटो हातात आला, आणि ही तबकडीही तेव्हाच आली. नंतर दरवेळी नवा फोटो आला की लावायचो." म्हाताऱ्याने बोट फिरवलं. "तुझी आई भांडायची. म्हणायची, पोराला गल्लीगल्लीत गरगर फिरवतोस."

"जाताना नाही कापले?"

"जाताना?" निकानोरला प्रश्नच कळला नाही. "जाताना कात्री कुठली पोरा? मी पहाटे ट्रकवर चढलो, तू झोपला होतास."

एलिएसेरने आईचे ते शब्द मनात पुन्हा ऐकले. तुझ्या बापाने, एवढंच ती म्हणाली होती. 'जाताना' हे तिने कधी म्हटलंच नव्हतं. ते त्याने घातलं होतं. आईने ते खोडलं नव्हतं, एवढंच. तिलाही तिच्या बाजूचा हिशेब होता, आणि आता तिला विचारायची सोय उरली नव्हती.

"पण माझाच चेहरा का?" त्याने विचारलं. आवाज त्याला हवा होता त्याहून लहान निघाला. "दुसरं काही चिकटवायला नव्हतं?"

म्हाताऱ्याने खरं तेच सांगितलं. चांगलं वाटेल असं सांगायची संधी होती, ती त्याने घेतली नाही.

"कोरा कागद लावला की टिकत नाही. मी पाणी प्यायला गेलो की प्रतिस्पर्ध्याचा माणूस येऊन नखाने खरवडणार. देवाचं चित्र लावून पाहिलं. हात जोडून खरवडलं हरामखोरांनी. मग तुझा फोटो लावला." तो किंचित थांबला. "लेकराचा चेहरा कुणी नखाने खरवडत नाही. रेबोलोतला चोरही नाही. यायचे, वाकून बघायचे, आणि जाऊन सांगायचे, त्याच्याकडे ती कानवाल्या पोराची तबकडी आहे म्हणून."

"थांबा," युरानिस म्हणाली. "म्हणजे गाण्याचं नाव याच्यावरून पडलं?"

"मग कुणावरून? गाण्याला कान असतात?"

तोमासाबाई मोठ्याने हसल्या. बायकोही हसली. एलिएसेर हसला नाही. शाळेतल्या मागच्या बाकावरचा तो सगळा कोरस त्याला आठवत होता. मोहल्ल्याच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक कार्निव्हलला लोक ओरडायचे, 'कानवाला लाव, निकानोर, कानवाला!' आणि तो मागच्या गल्लीत हाताने कान झाकून उभा राहायचा. ते आपल्यालाच हाक मारताहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याला ते ठाऊक नसेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"म्हणजे कुलूप म्हणून वापरलंत मला," तो म्हणाला.

"कुलूप किमती मालालाच लावतात," तोमासाबाई मधेच म्हणाल्या, आणि स्वतःच चकित झाल्या. जावयाच्या बाजूने बोलायची त्यांना सवय नव्हती.

"गेलो ते चुकलं," निकानोर म्हणाला. "त्याला काही कागद चिकटवता येत नाही."

मग म्हाताऱ्याने खिशातून एक जुनं, कागदात गुंडाळलेलं ब्लेड काढलं आणि टेबलावर ठेवलं. "खाली खरं नाव आहे. याचं मी खरवडलं नव्हतं, नुसतं झाकलं होतं. फोटोही सुटतील, जपून काढलेस तर. तुझे आहेत. चौकट रिकामी दिसते."

एलिएसेरने ब्लेडला हात लावला नाही. अंगठ्याचं नख त्याने लाल कागदाच्या कडेला, बाप्तिस्म्याच्या चेहऱ्याजवळ टेकवलं. कड जराशी उचलली गेलेली होती. एवढ्या वर्षांत शहरातल्या कुणाला कळलं नव्हतं ते नाव नखाएवढ्या अंतरावर होतं. युरानिस वाकून बघू लागली. नख तिथेच राहिलं. मग त्याने अंगठा आडवा करून ती उचललेली कड हळूच दाबून बसवली.

तेवढ्यात आउरेलियो जागा झाला आणि आपल्या वाटणीतलं सगळं कपाळ लाल करून रडायला लागला. एलिएसेरने त्याला उचललं, खांद्यावर घेतलं आणि नेहमीसारखा गुणगुणू लागला. पोर हुंदके देत ऐकायला लागलं.

"चुकतोयस," निकानोर म्हणाला.

"काय?"

"तिथे गाणं खाली येत नाही. वर जातं. तू दरवेळी खाली आणतोस का?"

"मला असंच आठवतं."

"मागच्या गल्लीतून ऐकलंस ना? तिकडे भिंतीवर आपटून खालचाच सूर पोचायचा." त्याने बसल्या जागी, डोळे मिटून, तो तुकडा म्हणून दाखवला. आवाज फाटका होता, पण गाणं खरंच वर गेलं. एलिएसेरने म्हणून पाहिलं. पुन्हा खाली आला. पोराने ओठ काढले.

"मग तुम्हीच म्हणा," एलिएसेर वैतागून म्हणाला, आणि वैताग ओसरायच्या आतच पोर म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

निकानोरने एका हाताने मान सावरली आणि दुसऱ्याने, पोराला टोचू नये म्हणून, हॅट काढून बाजूला ठेवली. तोमासाबाईंनी त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, मग पोराच्या, मग जावयाच्या. त्यांनी लगेच ती सोनेरी केसांची मुलगी चौकटीतून ओढून काढली. युरानिसने फोटो काढायला फोन उचलला आणि दाराशी उजेडात उभी राहिली. म्हातारा गात होता. एलिएसेर खुर्चीमागे उभा होता, गाणं वर जातं ती जागा ओठांनी आवाज न करता शिकत.

"अगं, याच्या दोन प्रती काढ," तोमासाबाई लेकीला म्हणाल्या. "एक कापायला."