पुन्हा येईन

जुन्या शहराचा आत्मा त्याच्या गल्ल्यांत वसतो, असं जॉर्जटाऊनच्या पुनरुज्जीवन समितीने ठरावात लिहिलं. आत्मा गेल्यावर जे उरतं त्याची सोय आमचं शवपेट्यांचं दुकान तीन पिढ्या करतंय. ठरावात मात्र त्या जागी कॅफे होता.

समितीचे ओंग साहेब नोटीस घेऊन आले. "मावशी, पर्यटक घाबरतात. महिन्याभरात जागा सोडा."

"घाबरून मरायचं थांबलेत का?" बेंगचू आत्याने रंधा थांबवला नाही. "मी हलणार नाही."

"मग मी पुन्हा येईन!"

बोलल्याबरोबर साहेब पांढरे पडले. शवपेट्यांच्या दुकानात हे वाक्य कुणीच उच्चारत नाही.

आत्याने मोजपट्टी उचलली. "या की. माप घेऊन ठेवते."

साहेब पुन्हा फिरकले नाहीत. आत्याने गल्लीभर केक वाटले.

पुढची नोटीस टपालाने आली.