वरच्या थरातली बाटली

"थू!"

बेसिनमध्ये लालभडक चूळ पडली आणि नेमकी त्याच वेळी शेजारीण उघड्या दारातून आत आली.

"अगं बाई! रक्त?"

"रक्त नाही हो, वाइन आहे," बाईंनी पदरानं तोंड टिपत सांगितलं.

रक्त असतं तर शेजारणीनं धीर दिला असता, डॉक्टरांकडे नेलं असतं. वाइन म्हटल्यावर तिला काही सुचेना. "सकाळी सात वाजता? चहाच्याही आधी?"

"आधीच घ्यायची असते. चहा ढोसल्यावर जिभेला काय कळणार, कपाळ?"

"मग थुंकताय कशाला?"

"प्यायची नाहीये म्हणून."

शेजारीण आणलेलं वर्तमानपत्र टेबलावर ठेवून आल्या पावली परत गेली. दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीत बातमी झाली, की तळमजल्यावरची बाई पिते. आणि वर, बिचारीला ती पचतही नाही.

बोलू द्या. लोकांच्या तोंडाला काही बूच बसवता येत नाही, आणि बुचांचा विषय बाईंना आयुष्यभर पुरेल इतका होता. इटलीहून वाइन आणून विकणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात त्या एकोणीस वर्षं काम करत होत्या. बाटली आली की तिच्या पाठीवर कंपनीचं लेबल लावायचं: आयात कोणी केली, कुठल्या देशातून, किती टक्के अल्कोहोल, कोणी पिऊ नये. लेबल केसभरही तिरकं जाता कामा नये. बाईंचं एकोणीस वर्षांत गेलं नव्हतं. म्हणून सगळे त्यांना लेबलबाई म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

वर तिसऱ्या मजल्यावर चव घ्यायची खोली होती. पांढऱ्या टेबलक्लॉथची, गार हवेची. प्रत्येक कंटेनर आला की तिथे बाटल्या उघडत, चव घेत आणि माल ठेवायचा की परत पाठवायचा याच्या कागदावर सही करत. सही करायची तर इटालियन वाइनच्या परीक्षेचं प्रमाणपत्र हवं, असा कंपनीचा नियम. उरलेल्या बाटल्या मग खाली यायच्या, गटारात ओतायला. ते काम बाईंचं.

ओतायचं काम तीन वर्षं केल्यावर एक दिवस बाईंनी ओतण्याआधी वास घेतला. बस्स. तिथून पुढे सगळं बिघडलं, किंवा सुधारलं. ज्याचा त्याचा प्रश्न.

नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता, आता निवृत्त. त्याच्याकडे औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचा डोंगर. बाई उरलेली वाइन त्यात अगदी काठोकाठ भरून घरी आणायच्या, म्हणजे आत हवा राहत नाही आणि चार दिवस टिकते. सकाळी कंपाउंडर त्यातल्या तीन निवडायचा, पाठ फिरवून पेल्यांत ओतायचा आणि खिशातल्या चिठ्ठीवर उत्तरं लिहून ठेवायचा. स्वतः थेंबाला शिवायचा नाही. शिकवणारा निर्व्यसनी आणि शिकणारी थुंकणारी, असा तो क्लास.

"ही कुठली?"

"बार्बेरा. आंबट आहे, पण घसा धरत नाही."

"ही?"

बाई थांबायच्या. पेला उजेडात धरायच्या. "रंग फिका..."

"रंगावर जाऊ नकोस. मागच्या वर्षी गेलीस आणि बसलीस."

मागच्या वर्षी नेब्बिओलोनं घात केला होता. द्राक्षाचं नाव ते. दिसायला फिकं, म्हणून बाईंनी सहीच्या परीक्षेत हलकं समजून भलतंच लिहिलं आणि दोन गुणांनी नापास झाल्या. प्रत्यक्षात ते तोंडात गेलं की हिरड्या आवळून धरतं. वासाला वाळलेला गुलाब आणि डांबर. बाईंनी मग रस्त्याचं काम चालू होतं तिथे जाऊन डांबराच्या पिंपाजवळ उभं राहून वास पाठ केला. मुकादमानं विचारलं, "ताई, काही हरवलंय का?" त्या म्हणाल्या, "दोन गुण."

"दिसायला साधं आणि धरलं की सोडत नाही," कंपाउंडर म्हणायचा. "अगं, हे तर आपल्या घरातच आहे."

"अहो, चिठ्ठी बघा आधी. बरोबर की चूक?"

"बरोबर. आता चहा टाक, जीव चाललाय माझा."

परीक्षेच्या दोन आठवडे आधी तो कंटेनर आला. बंदराच्या आवारात कागदपत्रांच्या घोळात नऊ दिवस उन्हात उभा राहिलेला. बाईंनी लेबल लावायला पहिली बाटली उचलली, अंगठा सवयीनं मानेवरून फिरला आणि थबकला. टोपीखालचं बूच नखभर वर आलं होतं. अंगठ्याला चिकट लागलं. दुसरी बाटली तशीच. तिसरीही. वाइन उन्हानं तापली की फुगते, बूच ढकलते, बाजूनं पाझरते. मग ती ताज्या फळाची राहत नाही, शिजवलेल्या मुरंब्यासारखी होते. खालच्या थरातल्या बाटल्या मात्र ठणठणीत होत्या. पत्र्याच्या छपराला लागून जे खोके होते, तेवढेच भाजले होते.

बाईंनी आवक वहीत लिहिलं: 'वरचा थर. बुचं वर आलेली. चव घेतल्याशिवाय विकू नये.'

चव घेणारा अधिकारी वहीसकट खाली आला. तरुण, हुशार, परीक्षेत पहिला आलेला. गोदामातल्या उकाड्यातही कोट काढायचा नाही, म्हणून सगळे त्याला कोटवाला म्हणत.

"बाई, मी चव घेतलीये. माल उत्तम आहे."

"कुठल्या थरातली घेतलीत?"

"मधल्या. आम्ही नेहमी मधलीच घेतो. शितावरून भाताची परीक्षा."

"भात एका भांड्यात शिजतो, साहेब. कंटेनरमध्ये वर वेगळं ऊन, खाली वेगळं. वरची एक उघडून बघा."

"प्रमाणपत्र कोणाकडे आहे, तुमच्याकडे की माझ्याकडे?"

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण प्रमाणपत्र खरंच नव्हतं. मोठ्या साहेबांनी कोटवाल्याच्या सहीवर आपली सही केली आणि वरचा थर, खालचा थर, सगळा माल एक झाला.

परीक्षा कंपनीच्याच सभागृहात होती. वाइन कंपनीचीच, पेले भरायला कोटवाला. परीक्षक बाहेरून आलेले, वयस्कर, आणि नेमकी त्यांना सर्दी झालेली. नाकाच्या परीक्षेला नाक चोंदलेला परीक्षक! रुमाल नाकाशी धरून त्यांनी नियम वाचले: तीन पेले, प्रत्येकाचं द्राक्ष, प्रदेश, दर्जा, आणि अजून किती वर्षं टिकेल. उत्तरपत्रिका दूर परीक्षेच्या मुख्य कचेरीत जाणार, तिथे कंपनीनं आधीच कळवलेल्या उत्तरांवरून तपासल्या जाणार.

पहिला पेला बार्बेरा. बाईंनी झरझर लिहिलं. दुसरा फिका. बाई रंगावर गेल्या नाहीत. एक घोट घेतला, हिरड्या आवळल्या, डांबराचं पिंप डोळ्यांसमोर आलं. 'ये,' त्या मनात म्हणाल्या, 'वर्षभर शोधतेय तुला.' नेब्बिओलो.

तिसरा पेला नाकाशी नेला आणि बाई दचकल्या. द्राक्ष सांजोव्हेजे, यात शंका नव्हती. पण वर शिजल्याचा वास. कडेला तपकिरी झाक. हा तोच कंटेनर होता, आणि बाटली वरच्या थरातली.

त्यांनी हात वर केला.

"ही बाटली खराब आहे. दुसरी उघडाल का?"

अठ्ठावीस माना वळल्या. परीक्षकांनी पेला नाकाशी नेला, मनापासून ओढून बघितलं, शिंकले. "मला तर काहीच कळत नाहीये," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "बाकी कोणाची तक्रार?"

कोणाचीच नव्हती. दोघातिघांनी पुन्हा वास घेतला, एकमेकांकडे बघितलं आणि माना खाली घातल्या.

कोटवाला पेले सरळ करायच्या निमित्तानं जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, उत्तर काय ठरलंय ते तुम्हाला माहीत आहे. दर्जा उत्तम, टिकेल दहा वर्षं. तेवढं लिहा आणि मोकळ्या व्हा. सही पाहिजे ना तुम्हाला?"

सही पाहिजे होती. देवाशप्पथ पाहिजे होती. दोन वर्षं चहा मागे ढकलला होता त्या सहीसाठी, दारुडी म्हणवून घेतलं होतं. चार शब्द लिहायचे. कोणाला काही कळलं नसतं, आणि उद्यापासून तिसऱ्या मजल्यावर खुर्ची.

बाईंनी पेन उचललं. 'उ' लिहिला. तो खोडला. मग त्यांना स्वतःचाच असा राग आला, की पेन कागदात रुतलं. खोटंच लिहायचं तर नाकाला धार कशाला लावली एवढी? नवीन लेबल लावल्यासारखं सरळ रेषेत त्यांनी लिहिलं: 'सांजोव्हेजे. उन्हानं शिजलेली. दर्जा: विकू नये. किती वर्षं टिकेल: टिकणार नाही.'

महिन्यानं निकाल आला. दोन गुणांनी नापास.

कंपाउंडरनं कागद दोनदा वाचला. "तिसऱ्या पेल्यात द्राक्ष बरोबर, प्रदेश बरोबर. बाकी शून्य." मग चिडून म्हणाला, "अगं, लिहायचं होतंस ना उत्तम म्हणून! कोण बघायला येणार होतं?"

"मीच होते ना तिथे."

बाई न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या, चांगल्या रडल्या. बाहेर आल्या तेव्हा कंपाउंडर रिकाम्या बाटल्या विसळत बसला होता.

"परीक्षेचा फॉर्म पुढच्या महिन्यात निघतो," तो वर न बघता म्हणाला.

त्याच आठवड्यात एका मोठ्या हॉटेलनं खोकेच्या खोके परत पाठवले. दुसऱ्यानंही. बाईंनी उतरवून घेताना मानेवरून अंगठा फिरवला. सगळा वरचा थर.

मोठ्या साहेबांनी बाईंना वर बोलावलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या पांढऱ्या टेबलाशी खुर्ची ओढून दिली. समोर आवक वही होती, बाईंच्या अक्षराच्या पानावर उघडलेली.

"बाई, चूक झाली आमची. यापुढे प्रत्येक कंटेनरला तुम्ही इथे बसायचं. चव घ्यायची आणि याला सांगायचं." कोटवाला खिडकीबाहेर बघत होता.

"आणि सही?"

"सही हा करेल. नियम आहे ना, प्रमाणपत्राचा. नावाला हो, बाकी ऐकणार तुमचंच."

"जीभ माझी आणि नाव यांचं?"

"असं कसं म्हणता! पगारही वाढवू."

"नियम तुम्ही केलाय, साहेब. पाळायचा तर सगळा पाळा. माझी सही चालत नसेल तर माझी चवही चालत नाही."

साहेब वैतागले. "हे म्हणजे खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी!"

"उपाशीच बरी," बाई उठत म्हणाल्या. "चव उपाशीपोटीच नीट कळते."

त्या जिन्यानंच खाली उतरल्या. स्वतःच्या पायांनी. लिफ्ट मागवली नाही.

पंधरा दिवसांनी नवा कंटेनर आला. हाही बंदरात रखडलेला. सकाळी दहाच्या सुमाराला लिफ्टचं दार उघडलं आणि लिफ्टमन बाहेर आला. बाईंच्याही आधीपासूनचा, केस पिकलेला माणूस. हातात ट्रे, ट्रेवर एक पेला.

"ताई, वरून पाठवलंय. कोण म्हणून विचारू नका म्हणाले. नुसतं एकदा बघून सांगा म्हणाले, ठीक आहे का."

बाईंनी हातातला लेबलांचा गुंडाळा खाली ठेवला. पेला घेतला. रंग फिका. खिडकीच्या उजेडात धरला, हलकेच फिरवला आणि नाकाशी नेला.

वाळलेला गुलाब. डांबर. त्यामागून थंड, ओली माती. शिजल्याचा मागमूस नाही. एवढी निर्मळ नेब्बिओलो आजवर औषधाच्या बाटलीतून कधीच घरी आली नव्हती. तोंडाला पाणी सुटलं. एक घोट, फक्त एक! थुंकायचीही गरज नव्हती. लिफ्टमननं समजून मान दुसरीकडे वळवली.

बाईंनी पेला ओठांपासून दूर केला आणि ट्रेवर ठेवला. गुंडाळ्यातून एक कोरं लेबल फाडलं, त्यावर दोन ओळी लिहिल्या, आणि पेल्याच्या पोटावर चिकटवलं. अंगठ्यानं कडा दाबल्या. केसभरही तिरकं नव्हतं.

लिफ्टमननं चष्मा वर करून वाचलं: "ओळखली आहे. सही माझी असेल तर सांगेन." तो खुदकन हसला, मग गंभीर झाला. "ताई, असंच नेऊ? भरलेलं?"

"असंच न्या. आणि सांडू नका."

लिफ्ट वर गेली. बाई पुन्हा बाटल्यांकडे वळल्या. अकरा वाजता नेहमीसारखा चहा आला, वाफाळता, आलं घातलेला. नाकात गुलाब आणि डांबर अजून होतं. चहानं ते पुसलं गेलं असतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत बाईंनी चहा घेतला नाही.